वीसपैकी अकरा

वहिनी, निकाल लागला. पास झालीस.

लागून पंधरा दिवस उलटले. सांगायला उशीर केला खरा, पण उशीर करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. तुझी तेरवी झाली आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी कॉलेजच्या ऑफिसात संगणकासमोर बसून तुझा परीक्षा क्रमांक टाकला. तो मला पाठ आहे. माझ्या मोटारसायकलचा नंबर पेट्रोलपंपावर विचारला तर मी खाली वाकून बघतो, पण तुझा परीक्षा क्रमांक झोपेतही सांगीन. पडद्यावर थोडा वेळ ते गोल चक्र फिरलं आणि मग तुझं नाव आलं. खाली ओळ होती: भारताचा इतिहास, संविधान आणि शासनव्यवस्था. लेखी तेहेतीस, प्रकल्प अकरा, एकूण चव्वेचाळीस. उत्तीर्ण.

शेजारच्या टेबलावरून क्लार्कनं विचारलं, "कोनाचा निकाल होय सर?"

"घरचा."

"पास?"

"पास."

"मंग पेढे पायजेत!"

मी हो म्हणालो. त्याला काय सांगणार होतो? परीक्षार्थी आता गावाच्या तलावापलीकडे आहे, असं?

त्या अकरामध्ये माझी एक लबाडी आहे, वहिनी. निकाल लागला की तुला सांगीन, असं मी ठरवून ठेवलं होतं. पास झालीस तर हसत सांगता येईल, असा हिशोब. नापास झालीस तर कसं सांगायचं, याचा विचार पुढे ढकलला होता. तू निकालापर्यंतही थांबली नाहीस. म्हणून हे लिहितोय. तुझ्यासाठी आणि हे वाचणाऱ्या चार लोकांसाठी. त्यांच्याकरता मधेमधे तुला माहीत असलेलंही सांगावं लागेल. कंटाळू नको. माझ्या तासाला तू कधी कंटाळली नाहीस, हा तुझा मोठेपणा. बाकीचा वर्ग कंटाळायचा.

तू आपल्या घरात आलीस तेव्हा मी सातवीत होतो. तू मला 'बाबू' म्हणायला लागलीस आणि मी पन्नाशीला टेकलो, डोक्यावरचे केस गेले, तरी 'बाबू'च राहिलो. एकोडीच्या रस्त्यावरचं आपलं एवढंसं गाव, चार एकर धानाच्या बांध्या, आणि घरात एकच शिकलेला: मी. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. दादा गावात सांगत फिरायचा, "आमचा बाबू झाडाचा डॉक्टर होय." त्यामुळे कोणाच्या धानावर करपा आला की लोक माझ्याकडे यायचे, आणि मी सांगितलेलं औषध न मारता दुकानदाराला विचारून मारायचे. त्यांचं पीक त्यामुळेच वाचलं असावं.

मग सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि दादानं तुला उभं केलं. निवडून तू आलीस, खुर्चीत दादा बसला. पहिली दोन वर्षं ग्रामपंचायतीत तुझं काम एकच होतं. दादा बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "इथं कर सही." तू करायचीस. मीही घरात बसून हे बघत होतो. तेव्हा मला त्यात काही चुकतंय असं वाटलं, हे मी लिहीन तर खोटं होईल. मला वाटायचं, बरं आहे, वहिनीला जास्त ताप नाही.

तिसऱ्या साली पावसानं ओढ दिली होती. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून पाणी आधी वरच्या अंगाच्या बांध्यांना द्यायचं, असा ठराव सचिवानं लिहून आणला. तुडूम उघडतं कोण, किती दिवस, कोणाकडे आधी, यावर आपल्याकडे भाऊ भावाशी बोलेनासा होतो. दादानं बोट ठेवलं. तू पेन हातात घेतलंस आणि विचारलंस, "खालच्या बांधीवाल्यायले विचारलं का?"

"तू सही कर, मंग विचारू."

तू पेनचं टोपण लावलंस.

एवढंच केलंस. आवाज चढवला नाहीस, उठून गेली नाहीस. टोपण लावलंस, पेन पदराच्या आड ठेवलंस आणि बसून राहिलीस. दादा आजही सांगतो, "त्या टोपनाचा आवाज मले अजून आयकू येते बाबू. टक्." मग तू घरोघर फिरलीस, आणि त्या वेळच्या ग्रामसभेला शाळेचा व्हरांडा पुरला नाही. बाया पहिल्यांदा आल्या त्या तेव्हा. पाणी शेवटी पाळीपाळीनं दोन्हीकडे गेलं आणि दोन्हीकडचे लोक तुझ्यावर थोडे थोडे नाराज राहिले. तू म्हणालीस, दोघंही सारखे नाराज म्हणजे वाटणी बरोबर झाली.

सरपंचपद संपलं आणि तू सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी केलीस. मग आमच्याच कॉलेजात बीएला नाव घातलंस. दादानं विचारलं, "आता कायले? नोकरी लागनार हाय का?" तू म्हणालीस, "नोकरी तुमच्यापाशी लागलीच हाये, तीस वर्षांपासून. सुट्टी पायजे."

आणि त्या बीएच्या वाटेत सक्तीचा पेपर आला, आणि तो शिकवायला मी.

बाहेरच्यांना हे समजावून सांगायला हवं. आपल्या विद्यापीठात कोणतीही पदवी घ्या, बीए, बीकॉम, बीएस्सी, हा देशाच्या इतिहासाचा आणि राज्यकारभाराचा पेपर सर्वांना. तो सुटल्याशिवाय पदवी नाही. आता असा पेपर शिकवायला त्या विषयाचा माणूस असायला हवा, हे कोणालाही कळेल. पण ज्याच्याकडे वर्कलोड कमी, त्याच्याकडे हा पेपर, अशी आमच्याकडची रीत. वनस्पतिशास्त्राला त्या वर्षी सात मुलं होती. मुख्याध्यापकासारख्या आवाजात आमचे प्राचार्य म्हणाले, "सर, तुम्ही झाडं शिकवता. लोकशाहीलाही मुळं असतातच की." मी बाजारातून गाइड आणलं. रात्रभरात नाही, पण आठवडाभरात मी घटनेचा जाणकार झालो. म्हणजे मुलांपेक्षा दोन पानं पुढे.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझी जी तारांबळ झाली, ती तू पुढं सगळ्या लग्नांत सांगितलीस. इतक्या वर्षांत मी तुझं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. वहिनीचं नाव घ्यायची वेळ दिरावर येतच नाही. यादीत तुझ्या नावापाशी आलो आणि अडलो. वर्ग बघतोय. तू पहिल्या बाकावर, नवी वही, चष्मा. मी म्हणालो, "रोल नंबर चौसष्ट."

"हजर, सर," तू म्हणालीस, आणि ते 'सर' असं म्हणालीस की मागचे तीन बाक हसले.

मी गाइडातून वाचलं, "ग्रामसभा ही लोकशाहीची पाठशाळा होय."

तुझा हात वर. "सर, पाठशाळेत हजेरी किती राहते?"

"गणपूर्तीचा नियम पुढच्या पानावर आहे."

"पानावरची नाही सर. व्हरांड्यातली."

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. त्यांच्यापैकी कोणी ग्रामसभेला गेलं नव्हतं. मी तरी कुठं गेलो होतो? आपल्या गावात गणपूर्ती कशी होते, ते मला बरोबर माहीत होतं: रजिस्टर घरी येतं, मी चहा पिता पिता सही करतो. माझ्या इतक्या वर्षांच्या ग्रामसभा या अशा ओट्यावरच पार पडल्या. तू खरी सरपंच झालीस तेव्हा तेवढं बंद झालं होतं. तेव्हा मी सही करायला मागितलं की तू म्हणायचीस, "या न मंग. खुर्ची ठेवते तुमच्यासाठी." मी म्हणायचो, कॉलेज आहे. ग्रामसभा भरते स्वातंत्र्यदिनाला, आणि त्या दिवशी कॉलेजचं झेंडावंदन आठ वाजताच आटोपतं, हे तुला माहीत होतं. तू कधी बोलली नाहीस.

आपली खरी भांडणं मोटारसायकलवर झाली. आठवड्यातून तीन दिवस तू मागे बसायचीस, पिशवी मांडीवर. मी हेल्मेटमधून ओरडायचो, तू माझ्या पाठीला सांगायचीस. मी म्हणायचो, हा पेपर म्हणजे पोरांवरचं ओझं आहे. जे कोणी मनानं शिकत नाही ते सक्तीचं करून काय मिळतं? रसायनाच्या पोराला राज्यपालाचे अधिकार कशाला? तू म्हणायचीस, "बाकी सारे पेपर काढून टाका म्हणते मी. हा ठेवा."

"काहून?"

"मी दोन वर्ष मुकी बसली न त्या खुर्चीत. सरपंचानं काय करावं, हे सारं त्या पुस्तकात लिहून होतं. मले कोनी सांगितलं का? घरात तर प्राध्यापक होता."

मी गाडीचा वेग वाढवायचो. खड्डा आला की भांडण थांबायचं, आणि त्या रस्त्यावर खड्डे भरपूर, म्हणून आपले संबंध टिकले.

आता ती लबाडी.

पेपरात ऐंशी गुण लेखी, वीस गुण प्रकल्प. प्रकल्प तपासणारा मी. विषय दिला होता, 'माझ्या गावातील ग्रामसभा'. साठ-सत्तर मुलांनी मोबाइलवरून एकच निबंध उतरवून आणला. एका पोरीच्या प्रकल्पाच्या मुखपृष्ठावरच दुसऱ्या राज्यातल्या पंचायतीचं नाव होतं. तुझी फाइल सगळ्यात जाड. जुन्या पुठ्ठ्याला कापड शिवलेलं, वरून दोर बांधलेला, आत हातानं लिहिलेली चाळीसेक पानं. टेबलावर ती ठेवली आणि बाजूचा एक सहकारी गमतीनं म्हणाला, "वा, वहिनीसाहेबांची फाइल! वीसपैकी बावीस द्या आता."

गंमतच होती. पण मला ती टोचली. मी कसा नि:पक्षपाती आहे, हे स्टाफरूमला दाखवायची मला खुमखुमी आली. बाकी सगळ्यांना न वाचता सोळा दिले. तुला न वाचता अकरा दिले.

न उघडता, वहिनी. दोर सोडला नाही.

लेखीत तुला सव्वीस पडले. एकूण सदतीस. पास व्हायला चाळीस लागतात. हे गणित मी निकालाच्या दिवशी ऑफिसात उभ्याउभ्या केलं. तुझे बाकीचे सगळे पेपर सुटले होते; सोळा दिले असते तर त्याच दिवशी तू पदवीधर होतीस. अंतर्गत गुण एकदा विद्यापीठाकडे गेले की बदलत नाहीत. पुन्हा परीक्षा दिली तरी तेच अकरा पुढं चालतात. मी चौकशी केली, नाही असं नाही. दबक्या आवाजात केली, कारण कशासाठी बदलायचे हे सांगावं लागलं असतं.

गुणपत्रिका तुझ्या हातात होती. तीवर सगळं छापलेलं असतं: लेखी इतके, प्रकल्प इतके. परतीच्या वाटेवर तू म्हणालीस, "बाबू, त्या दुसऱ्या राज्यातल्या पंचायतवालीले सोळा हायेत."

"हो. टायपिंग चांगलं होतं."

तू गुणपत्रिका घडी करून पिशवीत ठेवलीस. मग म्हणालीस, "माह्यं अक्षर तसं खराबच होय."

मी तेव्हा गाडी थांबवायला हवी होती. मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

त्यानंतर मी तुझ्या मागे हात धुऊन लागलो. गाइडातले चाळीस प्रश्न पाठ कर, बाकी काही करू नको. रोज संध्याकाळी तुझ्या ओसरीवर. तुला वाटलं, दीर किती मन लावून शिकवतोय. दादानं तर माझ्यासाठी वेगळा चहा सुरू केला, साखर जास्त. तो चहा मी कसा प्यायलो ते मला विचार. मला तुझं शिक्षण नको होतं, वहिनी, मला ते तीन गुण भरून काढायचे होते.

तू मात्र दुसऱ्या खेपेलाही लिहून आलीस. प्रश्न होता, ग्रामसभेच्या गणपूर्तीची तरतूद स्पष्ट करा. मी केंद्राबाहेर उभा. तू आलीस खुशीत. "मस्त लिहिलं!"

"नियम लिहिला?"

"लिहिला न. आन् खाली लिहिलं, कायद्यात शंभर पायजेत, आमच्या गावात सहा येते. सातवा सचिव, तो पगारी. बाकीच्यायच्या सह्या घरून येते. पहिली सभा मुद्दाम तहकूब करते, कारन तहकूब सभेले गणपूर्ती लागत नाही. मंग पाच जनं बसून सारं पास."

मी कपाळाला हात लावला. "अवो वहिनी, पेपर आहे तो, तक्रारवही नाही!"

"खोटं हाये का?"

"खरं आहे म्हणूनच!"

"मंग पेपर तपासनाऱ्याले कळू दे न, कशाचा पेपर तपासून राहिला."

सत्तावीस. एकूण अडतीस. तू हसलीस. "एकानं वाढले, बाबू. प्रगती हाये." रडलीस का नंतर? दादा म्हणतो, नाही. पण त्या दिवशी भाजीला मीठ नव्हतं, असंही म्हणतो.

तिसऱ्या खेपेच्या आधीची ती संध्याकाळ मला सारखी आठवते. ओसरीवर तू धान निवडत होतीस, मी प्रश्न विचारत होतो. तू मधेच म्हणालीस, "बाबू, माहा प्रकल्प वाचला होता का तुम्ही?"

"वाचला की. चांगला होता."

"मंग शेवटच्या पानावर काय लिहिलं होतं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. खरं सांगू? वाजला नव्हता. मी खिशातून काढला, कानाला लावला आणि अंगणात जाऊन बंद फोनशी पाच मिनिटं बोललो. परत आलो तेव्हा तू सूप बाजूला ठेवलं होतंस आणि पुस्तक उघडून बसली होतीस. "चला," म्हणालीस, "राज्यपालाचे अधिकार विचारा. रसायनाच्या पोरासारखी सांगते." आणि धडाधड सांगितलेस.

तिसऱ्या पेपरात काय लिहिलंस, ते मला कधीच कळणार नाही. बाहेर आलीस तेव्हा मी विचारलं, तू म्हणालीस, "जे लिहाचं होतं ते." उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. अर्ज आणला मी. त्यावर खाली एक चौकट आहे: विद्यार्थ्याची सही. तो अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तू गाइडातलं लिहून तेहेतीस मिळवलेस की आपल्या व्हरांड्यातलं लिहून, हे भांडण आता कायमचं राहिलं. मला जिंकायची इच्छा नाही. तूच जिंकली असशील, असं मला वाटतं. आणि नसशील, गाइडच पाठ केलं असशील, तर ते माझ्यासाठी केलंस, असंही वाटतं. दोन्हीनं मान खालीच जाते.

तू गेलीस त्याबद्दल मी लिहीत नाही. रोवणीचे दिवस, सकाळी छातीत कळ, भंडाऱ्याच्या वाटेवर अर्ध्यातच. एवढं सगळ्यांना माहीत आहे.

निकाल मी दादाला त्याच दिवशी सांगितला. तो ओसरीवर बसला होता. तुझी खाट अजून त्यानं हलवली नाही. म्हणाला, "पास?"

"पास, दादा."

"मले वाचून दाखव." मी मोबाइलवर वाचून दाखवलं. लेखी तेहेतीस. प्रकल्प अकरा. तो म्हणाला, "एवढी जाडी फाइल आन् अकराच? कोनं तपासली?"

मी म्हणालो, "मी."

मला वाटलं होतं, आता तो काहीतरी बोलेल. शिवी देईल. ती मला हवी होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्या खाटेकडे. "तिनं तं सांगितलं नाही कधी," एवढंच म्हणाला, आणि आत जाऊन चहा ठेवला. साखर जास्त.

तपासणारा मीच, हे तर तुला माहीत होतं. आणि दादालाही तू सांगितलं नव्हतंस.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात जाऊन मी कपाटातून तुझी फाइल काढली आणि पहिल्यांदा दोर सोडला. रिकाम्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकांच्या रांगेत बसून वाचली. तू एका पंधरा ऑगस्टची ग्रामसभा लिहिली होतीस. कोण आले त्यांची यादी अर्ध्या पानात संपली. पुढची सगळी पानं न आलेल्यांची. तू घरोघर जाऊन विचारलं होतंस, काहून नाही आले, आणि प्रत्येकाचं नाव लिहून पुढं कारण लिहिलं होतंस. कमळा: रोवणी मागं पडली. बेबी: सासरा जातो, एका घरातून दोन कशाला. सत्यशीला: मागच्या वेळी बोलली तर लोक हसले. शेवंताबाई: खुर्च्या माणसांच्या असतात, खाली फरशी थंड, गुडघे धरते. एक जण: बोलावलं नाही. एक जण: बोलावलं, पण 'बसा' म्हटलं नाही.

मला हसू येत होतं आणि मधेच येईनासं होत होतं. इतकी वर्षं मी पोरांना पानांच्या शिरा मोजायला लावतो, एकेक, चुकू नका म्हणून ओरडतो. तू एक अख्खं गाव तसं मोजलं होतंस.

शेवटच्या पानावर शेवटचं नाव माझं होतं.

'आमच्या घरून: प्राध्यापक दीर. सांगितलेलं कारण: कॉलेज. खरं कारण: त्यांना वाटते, ग्रामसभा पुस्तकात असते.'

वाचलं असतं तर त्याच दिवशी मी ती फाइल घेऊन तुझ्या ओसरीवर भांडायला आलो असतो. मी आलो नाही, त्यावरूनच तुला कळलं असणार. आणि तरी तू दोन वर्षं माझ्या मागे गाडीवर बसलीस.

म्हणून परवा, पंधरा ऑगस्टला, मी ग्रामसभेला गेलो.

झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी मिळाली आणि शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी पडली. सचिव मला बघून उठून उभाच राहिला. "सर, तुम्ही कायले त्रास घेतला? रजिस्टर घरी धाडलं असतं न."

"बसायला आलोय."

"बसा, बसा. पन होनार नाही सभा. गणपूर्ती नाही. तहकूबच करतो आता."

मी डोकी मोजली. नऊ. तू पेपरात लिहिलेल्या सहाच्या मानानं प्रगतीच म्हणायची. आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "अर्धा तास थांबा." प्राध्यापकाचा आवाज असल्यामुळे ते थांबले. मी शाळेच्या वर्गातून प्लास्टिकची एक खुर्ची उचलली आणि डोक्यावर घेऊन निघालो. गावातली कुत्री माझ्या मागे. लोकांना वाटलं, सरांच्या डोक्यावर परिणाम झाला, घरातलं माणूस गेलं की होतो कधीकधी.

तुझी यादी मला पाठ झाली होती, परीक्षा क्रमांकासारखी. बेबीच्या सासऱ्याला निघतानाच म्हणालो, तुम्ही इथं आहातच, आता सुनेलाही घेऊन येतो. सत्यशीलाला म्हणालो, हसले तर माझ्यावर हसतील, मी खुर्ची घेऊन फिरतोय. कमळा बांधीतून चिखलाचे पाय घेऊन तशीच आली. शेवंताबाईच्या दारात खुर्ची ठेवली आणि म्हणालो, "ही तुमची. व्हरांड्यात ठेवतो. बसा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुह्या वहिनीनं सांगितलं का बाबू, माह्ये गुडघे दुखते म्हनून?"

"हो," म्हणालो. "लिहून ठेवलं होतं."

चार बाया. वाटेत आणखी पाचसहा माणसं गंमत बघायला मागे आली. तेवढ्यांनी शंभर होत नाहीत. अर्धा तास झाल्यावर सचिवानं अंग चोरून विचारलं, "सर, करू तहकूब?" आणि नियम तो नियम, मी सत्तर पोरांना शिकवलेला. सभा तहकूब झाली. सगळे उठायला लागले. शेवंताबाई मात्र खुर्चीतून उठेना.

"चला आजी, संपली सभा," सचिव म्हणाला.

"कशी काय संपली? मी तं आताच बसली!"

तिच्याभोवती मग पंधरावीस लोक उगाचच बसले. ठराव झाला नाही, रजिस्टरात काही चढलं नाही. तुडूमाची झडप गळते, असं कोणीतरी म्हणालं. कमळा म्हणाली, खालच्या बांध्यांत पाणी साचून राहते. सत्यशीला बोलली आणि कोणी हसलं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. तासभर गेला असेल.

घरी येऊन मी तुझी फाइल पुन्हा काढली. ती आता कॉलेजच्या कपाटात नाही, माझ्याकडे आहे. नियमानं बसत नाही, तरी आहे. हे सगळं मी तुझ्या पाठीमागे सांगतोय, हे मला कळतं. समोर कोणी नसताना आपलंच म्हणणं पास करून घ्यायचं, ते पाच जण करतात तसं. गाडीवर, ओसरीवर, तू समोर होतीस तेव्हा मी हॉर्न वाजवला आणि बंद फोनवर बोललो. त्याचं काही करता येत नाही. अकराचे आता सोळा होत नाहीत, वीसही होत नाहीत.

शेवटचं पान उघडलं. न आलेल्यांच्या यादीत माझं नाव. आधीच्या पानांवर कमळा, बेबी, सत्यशीला, शेवंताबाई. त्यांच्या नावांवर मी हळूच एकेक रेघ मारली. मग माझ्या नावापाशी आलो आणि अडलो, त्या पहिल्या दिवसाच्या हजेरीसारखाच. एका सभेला गेलो, तीही झाली नाही. तेवढ्यावर नाव खोडायचं, हे कोणाला विचारून?

पेन उघडंच होतं हातात. मी टोपण लावलं.